हुकमाचे दोन एक्के

२०१० सालच्या ऑक्टोबरात अमेरिकन बेसबॉलचे प्लेऑफ सामने सुरू झाले आणि पहिल्या दोन दिवसांतच दोन पिचरांनी दोन शहरांत कहर केला. ६ ऑक्टोबरला फिलाडेल्फियात फिलीज संघाच्या रॉय हॅलडेने सिनसिनाटी रेड्सच्या एकाही बॅटरला हिट मिळू दिली नाही. नऊ इनिंग, १०४ चेंडू, एक वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस), शून्य हिट. प्लेऑफच्या इतिहासात असा ‘नो-हिटर’ त्याआधी एकदाच झाला होता, १९५६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, न्यूयॉर्क यांकीजच्या डॉन लार्सनच्या हातून. दुसऱ्याच दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत जायंट्सच्या टिम लिन्सिकमने अटलांटा ब्रेव्ह्जविरुद्ध चौदा स्ट्राइक-आउट घेतले, अवघ्या दोन हिट दिल्या आणि सामना १-० असा खिशात घातला. दोघांच्याही कारकिर्दीतला तो प्लेऑफचा पहिलाच सामना होता.

दोन्ही संघ आपापली फेरी जिंकून पुढे आले. १६ ऑक्टोबरपासून ते नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेत एकमेकांसमोर उभे राहणार होते. सातपैकी चार सामने जिंकेल तो वर्ल्ड सिरीजला, म्हणजे नॅशनल आणि अमेरिकन या दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेला, जाणार. पहिल्या सामन्यात हॅलडे आणि लिन्सिकम समोरासमोर येणार हे कळल्यावर मालिकेच्या आधीच्या लेखांत आणि टीव्हीवरच्या चर्चांत ही जोडगोळी केंद्रस्थानी आली, यात नवल नव्हते. बेसबॉलमध्ये मालिकेचे भाकीत मांडण्याची सुरुवातच पिचरांच्या नावांपासून होते. ते भाकीत कसे मांडतात, आणि दोन्ही बाजूंना तोलामोलाचे पिचर असले की ते नेमके कुठे घसरते, हे समजून घ्यायला या मालिकेइतके चांगले उदाहरण क्वचित सापडेल.

साठ फूट सहा इंच

क्रिकेट पाहत वाढलेल्या वाचकाला पिचरची सत्ता चटकन ध्यानात येत नाही. क्रिकेटमध्ये सहा चेंडूंनंतर गोलंदाज बदलतो. दोन टोकांकडून दोघे काम वाटून घेतात. बेसबॉलमध्ये सुरुवातीचा पिचर सामना सुरू झाल्यापासून स्वतः थकेपर्यंत किंवा व्यवस्थापक त्याला काढेपर्यंत प्रत्येक चेंडू टाकतो. एकदा बाहेर गेला की त्याला त्या सामन्यात पिचर म्हणून परत येता येत नाही. तो उभा असतो होम प्लेटपासून ६० फूट ६ इंचांवर. हे अंतर १८९३ पासून बदललेले नाही. ताशी नव्वद मैलांहून अधिक वेगाने सुटलेला चेंडू बॅटरपर्यंत पोहोचायला सुमारे ०.४ सेकंद लागतात. तेवढ्यात चेंडू ओळखायचा, मारायचा की सोडायचा ते ठरवायचे आणि बॅट फिरवायची. दहा वेळांत तीनदा हिट मिळवणारा बॅटर इथे उत्तम मानला जातो.

असा पिचर एकदा सुरुवात करून गेला की त्याला साधारण चार दिवस विश्रांती लागते. म्हणून १६२ सामन्यांच्या नियमित हंगामात प्रत्येक संघ पाच जणांची पाळी लावतो. प्लेऑफमध्ये मात्र प्रवासासाठी मधे सुट्टीचे दिवस येतात आणि चार, कधी तर तीन पिचरांवर भागते. हंगामात पाचातला एक सामना खेळणारा सर्वोत्तम पिचर सात सामन्यांच्या मालिकेत पहिला आणि पाचवा सामना पूर्ण विश्रांती घेऊन खेळू शकतो. २०१० च्या वेळापत्रकात हे अगदी चपखल बसत होते: पहिला सामना १६ तारखेला, पाचवा २१ तारखेला. त्यामुळे ज्याच्याकडे मोठा पिचर त्याचे पारडे जड, हे गणित प्लेऑफच्या दिवसांत आणखीच पटते.

पिचरची लायकी सांगणारा सर्वांत परिचित आकडा म्हणजे ईआरए. नऊ इनिंगच्या हिशेबाने, क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळून, त्याने सरासरी किती धावा दिल्या ते हा आकडा सांगतो. तीनच्या आसपासचा ईआरए उत्तम समजायचा. २०१० च्या हंगामात जायंट्सच्या सगळ्या पिचरांचा मिळून ईआरए ३.३६ होता, तीस संघांत सर्वांत कमी. सप्टेंबर महिन्यात तर तो १.७८ वर उतरला होता.

कागदावरचे बळ

फिलीजच्या तिघा मुख्य पिचरांना चाहत्यांनी टोपणनाव दिले होते ‘एच-टू-ओ’. हॅलडे आणि हॅमल्स यांचे दोन एच, आणि ऑसवॉल्टचा ओ.

यातला हॅलडे तेव्हा तेहतीस वर्षांचा होता आणि त्याच्या कारकिर्दीत एक मोठा खड्डा येऊन गेला होता. २००० साली टोरोंटो ब्लू जेजकडून खेळताना त्याचा ईआरए १०.६४ झाला, किमान पन्नास इनिंग टाकलेल्या पिचरांच्या इतिहासात इतकी वाईट कामगिरी कोणाची नव्हती. पुढच्या वर्षी त्याला थेट कनिष्ठ लीगच्या खालच्या पायरीवर पाठवले गेले. तिथे मेल क्वीन या प्रशिक्षकाने त्याचा हात चेंडू सोडताना ज्या कोनात येई तो कोनच बदलून टाकला. सरळ येणारा वेगवान चेंडू बाजूला ठेवून हॅलडे शेवटच्या क्षणी आत-बाहेर सरकणारे चेंडू टाकू लागला आणि २००३ मध्ये अमेरिकन लीगचा साय यंग पुरस्कार, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा मान, त्याच्याकडे आला. डिसेंबर २००९ मध्ये तो फिलाडेल्फियात आला. २०१० मध्ये २१ विजय, २.४४ ईआरए, २५० हून अधिक इनिंग, नऊ सामने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने टाकलेले. आणि २९ मे रोजी फ्लोरिडा मार्लिन्सविरुद्ध ‘परफेक्ट गेम’, म्हणजे सत्तावीस बॅटर आले आणि सत्तावीसही बेसला पाय न लावता परत गेले.

रॉय ऑसवॉल्ट जुलैच्या शेवटी ह्यूस्टनहून आला आणि फिलीजकडून त्याचा ईआरए १.७४ राहिला. कोल हॅमल्स डावखुरा, २००८ च्या वर्ल्ड सिरीजचा मानकरी. तिसऱ्या क्रमांकाचा पिचर म्हणून असा माणूस असणे ही चैनच होती.

जायंट्सची तऱ्हा वेगळी. त्यांचे चारही मुख्य पिचर आणि शेवटच्या इनिंगचा रखवालदार, असे पाचही जण त्यांनी स्वतःच निवडून, कनिष्ठ लीगमध्ये वाढवून वर आणलेले. लिन्सिकम उंचीने सहा फुटांच्या आत, अंगाने शिडशिडीत. पण चेंडू टाकताना एवढी लांब झेप घेई आणि शरीर असे पिळून सोडी की त्याला ‘द फ्रीक’ म्हणत. २००८ आणि २००९ असे लागोपाठ दोन साय यंग त्याच्या नावावर होते. २०१० च्या ऑगस्टमध्ये मात्र तो पार कोसळला: पाच पराभव, एकही विजय नाही, ईआरए ७.८२. सप्टेंबरमध्ये सावरला आणि हंगामअखेर २३१ स्ट्राइक-आउट घेऊन नॅशनल लीगमध्ये पहिला आला. त्याच्यामागे मॅट केन, शांत आणि भरवशाचा. मग डावखुरा जोनाथन सांचेझ. त्याचा चेंडू खेळणे महाकठीण, पण त्यालाही चेंडूवर ताबा ठेवणे तितकेच कठीण जाई. त्या वर्षी त्याने लीगमध्ये सर्वाधिक, ९६ वॉक दिले होते. चौथा मॅडिसन बमगार्नर, वय वर्षे एकवीस. आणि सामना मिटवायला क्लोजर ब्रायन विल्सन. त्याच्या काळ्याभोर दाढीच्या नकला करून अर्धे शहर स्टेडियममध्ये येई. हंगामात त्याने ४८ सामने राखले होते, दोन्ही लीगमध्ये सर्वाधिक.

बॅटिंगमध्ये मात्र फरक उघड दिसत होता. फिलीजने हंगामात ७७२ धावा केल्या होत्या, जायंट्सने ६९७. फिलीजकडे जिमी रोलिन्स, चेस अटली, रायन हॉवर्ड, जेसन वर्थ अशी फळी. एकट्या हॉवर्डचे ३१ होम रन आणि त्याच्या बॅटमुळे आलेल्या १०८ धावा. जायंट्सच्या यादीत मेअखेरीस वर आलेला नवखा कॅचर बस्टर पोझी सोडला तर बाकीचे बहुतेक दुसऱ्या संघांनी सोडलेले किंवा उताराला लागलेले खेळाडू. पॅट बरेलला टाम्पा बेने मे महिन्यातच काढून टाकले होते. ऑब्री हफला चांगले मोल देणारे फारसे कोणी उरले नव्हते.

मैदानांचाही विचार करायचा. फिलाडेल्फियाचे सिटिझन्स बँक पार्क होम रनला अनुकूल. सॅन फ्रान्सिस्कोचे तेव्हाचे एटी अँड टी पार्क खाडीच्या काठावर. संध्याकाळची थंड, दमट हवा चेंडू लांब जाऊ देत नाही. उजवीकडचा खांब अवघ्या ३०९ फुटांवर, पण तिथे उंच भिंत. आणि तिच्या बाजूचा कोपरा थेट ४२१ फुटांपर्यंत आत गेलेला. हंगामात ९७ सामने जिंकलेल्या फिलीजला सातपैकी चार सामने घरी मिळणार होते. जायंट्सचे विजय ९२, आणि प्लेऑफची जागाही त्यांनी हंगामाच्या अगदी शेवटच्या दिवशी पक्की केलेली. फिलीजने २००८ आणि २००९ मध्ये नॅशनल लीग जिंकली होती. लागोपाठ तिसऱ्यांदा ती जिंकण्याचा पराक्रम १९४२ ते १९४४ मधल्या सेंट लुइस कार्डिनल्सनंतर त्या लीगमध्ये कोणाला जमला नव्हता.

सारांश, पिचिंग जवळपास तोडीस तोड, बॅटिंग फिलीजची सरस, घरचे मैदानही फिलीजचे. बहुतेक जाणकारांनी कौल फिलाडेल्फियाला दिला. कागदावर त्यात खोट काढता आली नसती.

दोन जुने दाखले

मोठ्या पिचरावर एवढी भिस्त ठेवायला इतिहासाचा आधार होता. १९०५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये न्यूयॉर्क जायंट्स आणि फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्स यांच्यात पाच सामने झाले आणि पाचही सामन्यांत हरणाऱ्या संघाला एकही धाव करता आली नाही. जायंट्सच्या क्रिस्टी मॅथ्युसनने सहा दिवसांत तीन सामने टाकले, सत्तावीस इनिंग, आणि एकही धाव दिली नाही. हाच जायंट्स संघ १९५८ मध्ये न्यूयॉर्क सोडून सॅन फ्रान्सिस्कोला गेला. एका पिचरने मालिका जिंकून देण्याची गोष्ट म्हणजे या संघाची वडिलोपार्जित मिळकत.

पण दुसरा दाखलाही होता. १९६८ हे वर्ष पिचरांचे वर्ष म्हणूनच ओळखले जाते. सेंट लुइसच्या बॉब गिब्सनचा ईआरए होता १.१२, आणि डेट्रॉइट टायगर्सच्या डेनी मॅक्लेनने ३१ सामने जिंकले होते. वर्ल्ड सिरीजमध्ये हे दोघे भिडणार म्हणून सगळा देश टक लावून बसला. पहिल्या सामन्यात गिब्सनने सतरा स्ट्राइक-आउट घेतले आणि मॅक्लेनला हरवले. इथवर सारे भाकिताप्रमाणे. पुढे मात्र मालिका नेली डेट्रॉइटच्या दुसऱ्या फळीतल्या मिकी लोलिचने. त्याने तीन सामने टाकले आणि तिन्ही जिंकले. दुसऱ्या सामन्यात तर आपल्या संपूर्ण कारकिर्दीतला एकमेव होम रनही मारला. सातव्या सामन्यात, फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीवर, त्याने गिब्सनला हरवले. त्या सामन्यात सातव्या इनिंगपर्यंत धावफलक कोरा होता. मग सेंट लुइसचा उत्तम क्षेत्ररक्षक कर्ट फ्लड एका उंच चेंडूचा अंदाज चुकला, चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला आणि डेट्रॉइटचे दोन धावपटू घरी पोहोचले. पिचिंग इतके वरचढ झाल्याचे पाहून पुढच्या हंगामापासून पिचरच्या उंचवट्याची उंची पंधरा इंचांवरून दहावर आणली गेली.

गिब्सन त्या मालिकेत वाईट खेळला असे कोणी म्हणणार नाही. पण दोन्ही बाजूंना असे पिचर असले की धावाच इतक्या कमी होतात की एखादी घसरगुंडी, एखादा दुय्यम खेळाडू, एखादा अनपेक्षित फटका पारडे फिरवायला पुरतो. पत्त्यांत दोघांच्या हाती एक्के असले की डाव दुर्री-तिर्रीवर जातो, तसेच हे. २०१० च्या मालिकेत याचा प्रत्यय पहिल्या संध्याकाळीच आला.

सहा सामने

१६ ऑक्टोबर, फिलाडेल्फिया. तिसऱ्या इनिंगपर्यंत हॅलडेने जायंट्सला एकही हिट दिली नव्हती. दहा दिवसांपूर्वीचा नो-हिटर धरला तर प्लेऑफमध्ये त्याला अजून कोणी हिट मारलीच नव्हती. तेव्हा आठव्या क्रमांकावर बॅटिंगला आला कोडी रॉस. आतल्या बाजूला खाली आलेला चेंडू त्याने डावीकडच्या प्रेक्षकांत भिरकावला. पाचव्या इनिंगमध्ये तो पुन्हा आला, हॅलडेने पुन्हा तिथेच चेंडू टाकला आणि तो पुन्हा प्रेक्षकांत गेला.

हा रॉस जायंट्सकडे आला कसा, हेही मजेशीर आहे. ऑगस्टमध्ये फ्लोरिडा मार्लिन्सने त्याला ‘वेव्हर’वर ठेवले होते, म्हणजे ज्याला हवा त्याने न्यावा. जायंट्सला त्याची फारशी गरज नव्हती. आपल्याच गटातला प्रतिस्पर्धी सॅन दिएगो पाद्रेज त्याला उचलेल, ते अडवण्यासाठी जायंट्सने हात वर केला असे तेव्हा सर्वत्र म्हटले गेले. मार्लिन्सने त्याला खरेच देऊन टाकले. आदल्या फेरीत लिन्सिकमने जिंकलेल्या त्या १-० सामन्यातली एकुलती एक धावही रॉसच्याच हिटवर आली होती, पण मालिकेच्या भाकितांत हे सहसा कोणाच्या नजरेत भरले नाही.

सहाव्या इनिंगमध्ये बरेलच्या डबलवर आणि हुआन उरिबेच्या हिटवर आणखी दोन धावा आल्या. लिन्सिकमही काही अजिंक्य ठरला नाही. कार्लोस रुईझ आणि वर्थने त्याला होम रन मारले. जायंट्सने सामना ४-३ असा जिंकला. हुकमाचे दोन्ही एक्के पडले होते, आणि तरीही सात धावा झाल्या होत्या.

दुसऱ्या सामन्यात ऑसवॉल्टने आठ इनिंग टाकून फक्त तीन हिट दिल्या आणि फिलीजने ६-१ असा विजय मिळवला. जायंट्सची ती एकमेव धाव म्हणजे रॉसचा तिसरा होम रन. सातव्या इनिंगमध्ये ऑसवॉल्ट स्वतः बेसवर होता. प्रशिक्षकाने हात वर करून थांबायची खूण केली तरी तो धावत सुटला आणि घरी पोहोचला. तेव्हा नॅशनल लीगमध्ये पिचरलाही बॅटिंग करावी लागे, त्याचा हा सुखद परिणाम.

तिसरा सामना खाडीकाठी. केनने सात इनिंगमध्ये दोन हिट दिल्या आणि जायंट्सने ३-० असा सामना घेतला. पहिली धाव आली रॉसच्या हिटवर. त्या संपूर्ण प्लेऑफमध्ये केनने २१ इनिंगहून अधिक पिचिंग केले आणि एकही अर्न्ड रन, म्हणजे ईआरएत धरली जाणारी धाव, दिला नाही. मालिकेआधीच्या मथळ्यांत नाव होते लिन्सिकमचे.

चौथ्या सामन्यात दोन्ही संघांचे चौथे पिचर आले, जायंट्सचा बमगार्नर आणि फिलीजचा जो ब्लँटन. हॅलडेला कमी विश्रांतीवर आणायचे की नाही यावर बराच ऊहापोह झाला होता. व्यवस्थापक चार्ली मॅन्युएल यांनी ते टाळले. सामना इकडून तिकडे हेलकावत नवव्या इनिंगमध्ये ५-५ वर आला. आणि इथे मॅन्युएल यांनी सुरुवातीचा पिचर ऑसवॉल्ट याला मधेच आणले, तीन दिवसांपूर्वी आठ इनिंग टाकलेल्या माणसाला. हफने हिट मारली, त्या दिवशी चार हिट मारणाऱ्या पोझीने त्याला तिसऱ्या बेसवर नेले आणि उरिबेने चेंडू खोल उंच मारला. झेल घेतला गेला, पण हफ घरी पोहोचला. जायंट्स ६-५, मालिकेत ३-१ पुढे. उरिबेच्या मनगटाला दुखापत होती. सुरुवातीच्या नऊ जणांत तो नव्हताच.

पाचव्या सामन्यात हॅलडे विरुद्ध लिन्सिकम हा प्रयोग दुसऱ्यांदा झाला. दुसऱ्याच इनिंगमध्ये हॅलडेचा जांघेचा स्नायू ताणला गेला. वेग घटला, तरी तो सहा इनिंग उभा राहिला. तिसऱ्या इनिंगमध्ये फिलीजने तीन धावा केल्या, त्यांतल्या दोन हफच्या ग्लोव्हला लागून सुटलेल्या चेंडूवर. फिलीज ४-२. लिन्सिकमने हरण्याजोगे काही केले नव्हते.

सहाव्या सामन्यासाठी सगळे फिलाडेल्फियाला परतले. जायंट्सचा सांचेझ आपल्या स्वभावावर गेला: पहिल्या इनिंगमध्ये दोन धावा गेल्या, तिसऱ्यात एक वॉक आणि मग चेंडू थेट अटलीच्या पाठीवर. शब्दाला शब्द लागला, दोन्ही संघ मैदानात धावून आले. व्यवस्थापक ब्रूस बोची यांनी सांचेझला तिथेच काढले. मधल्या काळात जायंट्सने २-२ अशी बरोबरी साधली होती, आणि त्या इनिंगची सुरुवात बॅटिंगला आलेल्या सांचेझच्याच हिटने झाली होती.

पुढच्या सात इनिंग बोची यांनी पाच पिचरांत वाटल्या. डावखुरा जेरेमी अ‍ॅफेल्ट दोन बेस भरलेले असताना आला आणि एकही धाव न देता सुटला. त्याच्यानंतर बमगार्नर, दोनच दिवसांच्या विश्रांतीवर, दोन इनिंग. मग हावियर लोपेझ. जुलैच्या शेवटच्या दिवशी पिट्सबर्गहून आणलेला हा डावखुरा हात बाजूने फिरवून चेंडू टाके. अटली आणि हॉवर्ड या डावखुऱ्या बॅटरांसाठी त्याला मालिकाभर राखून ठेवले होते आणि दोघांनाही त्याचे कोडे सुटले नाही. आठव्या इनिंगमध्ये दोन बाद असताना उरिबेने रायन मॅडसनचा चेंडू उजवीकडे मारला; तो भिंतीच्या जेमतेम पलीकडे पहिल्या रांगेत पडला. ३-२. त्याच इनिंगच्या उत्तरार्धात एका दिवसाच्या विश्रांतीवर लिन्सिकम आला, दोन हिट देऊन गेला आणि विल्सनला लवकर बोलवावे लागले. रुईझचा सपाट फटका हफच्या हातात विसावला आणि दुसऱ्या बेसवरचा धावपटूही बाद झाला. नवव्या इनिंगमध्ये दोन धावपटू बेसवर, दोन बाद, समोर हॉवर्ड. तीन बॉल, दोन स्ट्राइक. विल्सनचा पुढचा चेंडू हॉवर्ड पाहत राहिला आणि पंचांनी स्ट्राइक दिला.

वीस विरुद्ध एकोणीस

सहा सामन्यांच्या धावांची बेरीज केली तर फिलीजच्या वीस आणि जायंट्सच्या एकोणीस भरतात. जास्त धावा करणारा संघ घरी गेला. जायंट्सच्या चार विजयांपैकी तीन एकेका धावेचे होते. हॉवर्डची सरासरी .३१८ होती, वरवर पाहता झकास. पण बारा वेळा तो स्ट्राइक-आउट झाला आणि त्याच्या बॅटमुळे एकही धाव आली नाही. ज्या क्षणी बेसवर माणसे असत, त्या क्षणी बोची यांच्याकडे त्याच्यासाठी राखलेला पिचर असे. मालिकेचा मानकरी ठरला रॉस: .३५०, तीन होम रन, त्याच्या बॅटमुळे आलेल्या पाच धावा.

भाकितांनी मोठ्या पिचरांबद्दल सांगितलेले खोटे निघाले नव्हते. हॅलडे आणि लिन्सिकम दोनदा भिडले, एकेक सामना वाटून घेतला आणि बरोबरीत सुटले. कसोटी लागली ती त्यांच्या मागच्या रांगेची. तिसऱ्या सामन्याच्या पिचरने सात इनिंग शून्य धावा दिल्या की पाच, चौथा पिचर गरजेला दोन इनिंग टाकू शकतो की नाही, एका विशिष्ट बॅटरसाठी एक विशिष्ट माणूस हाताशी आहे की नाही, आठव्या क्रमांकाचा बॅटर आतला चेंडू मारतो की नाही, अशा प्रश्नांवर मालिका फिरली. दोन-तीन महिन्यांपूर्वी, दुय्यम वाटणाऱ्या व्यवहारांत आलेल्या लोपेझ आणि रॉस यांनी त्यांतल्या दोन प्रश्नांची उत्तरे दिली.

जायंट्सने पुढे टेक्सास रेंजर्सला ४-१ असे हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. सॅन फ्रान्सिस्कोला आल्यापासूनचे ते त्यांचे पहिले विजेतेपद. त्याआधीचे १९५४ चे, न्यूयॉर्कमधले. टेक्सासचा मुख्य पिचर होता क्लिफ ली, ज्याला फिलीजने हॅलडे घेताना त्याच दिवशी सिएटलला देऊन टाकले होते आणि जो तिथून टेक्सासला आला होता. फिलीजने चूक दुरुस्त करायची म्हणून २०११ साठी लीला परत आणले. तीन जणांच्या ताफ्याचे चार झाले आणि संघाने तब्बल १०२ सामने जिंकले. पण ७ ऑक्टोबर २०११ रोजी पहिल्याच फेरीच्या निर्णायक सामन्यात हॅलडेने पहिल्या इनिंगमध्ये एक धाव दिली. सेंट लुइसच्या ख्रिस कारपेंटरने एकही दिली नाही. ०-१ असा पराभव होऊन फिलीज बाहेर पडले. बमगार्नरने सहाव्या सामन्यात केलेले काम मात्र पुढे फार मोठे होऊन परतले: २०१४ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात, दोन दिवसांच्या विश्रांतीवर, त्याने कॅन्सस सिटीविरुद्ध शेवटच्या पाच इनिंग एकही धाव न देता टाकल्या.

आजचे भाकीत लिहिणाऱ्याची वही २०१० सारखी दिसत नाही. २०२२ पासून नॅशनल लीगमध्येही पिचरला बॅटिंग करावी लागत नाही, त्यामुळे ऑसवॉल्टची धाव आणि सांचेझची हिट असे प्रसंग आता सहसा संभवत नाहीत. हॅलडेसारखे हंगामात नऊ सामने एकट्याने पूर्ण करणारे पिचर उरलेले नाहीत. बॅटरांची फळी तिसऱ्यांदा समोर आली की सुरुवातीच्या पिचरला काढण्याकडे व्यवस्थापकांचा कल असतो. त्यामुळे लेखात आधी बुलपेनचा, म्हणजे सुरुवातीच्या पिचरनंतर येणाऱ्या पिचरांचा, आढावा येतो: कोण किती दिवसांनी टाकू शकतो, कोण कोणत्या हाताच्या बॅटरसाठी, कोणाने काल किती चेंडू टाकले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सॅन दिएगोविरुद्ध हरलो तर बाहेर अशा चौथ्या सामन्यात लॉस एंजेलिस डॉजर्सने आठ पिचर वापरले आणि ८-० असा सामना जिंकला. दोन दिवसांनी निर्णायक सामन्यात योशिनोबू यामामोतो आणि यू डार्व्हिश हे दोन नामांकित जपानी पिचर समोरासमोर आले. यामामोतोने पाच इनिंग टाकल्या, उरलेल्या चार त्याच्या मागच्यांनी. डॉजर्स २-०. दोन्ही धावा एकेकट्या होम रनच्या, आणि त्यांतला पहिला मारला होता हंगामभर फारसा न चमकलेल्या किके हर्नांडेझने.